संत हिल्डेगार्ड फलक-प्रकल्प: कामाच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

२ जून

बिंगेनची संत हिल्डेगार्ड, बाराव्या शतकातली जर्मन मठाध्यक्षा: तिच्या स्मरणदिनी, १७ सप्टेंबरला, चर्चच्या हॉलमध्ये लावायचे बारा फलक. आकार २ × ३ फूट, उभे, ५ मिमी सनबोर्डवर. एका फलकावर जास्तीत जास्त १८० शब्द. मजकूर याच्या वर गेला की अक्षर २४ पॉइंटच्या खाली जातं आणि चार फुटांवरून जोडाक्षरं वाचता येत नाहीत.

नाव ‘हिल्डेगार्ड’ असंच लिहायचं. जर्मन उच्चारात शेवटचा ड ट होतो, पण वाचक घरी जाऊन शोधेल तेव्हा ‘ड’च टाइप करेल. गावाचं नाव ‘बिंगेन’, ‘बिंजेन’ नाही.

‘ॲ’ हे अक्षर सगळ्या फाइलींत एकसंधच ठेवायचं. काही कळफलक अ, अदृश्य जोडचिन्ह आणि अर्धचंद्र असे तीन तुकडे टाकतात. दिसायला दोन्ही सारखंच, पण फाइलीत ‘ॲबी’ शोधलं की निम्म्या जागा सापडत नाहीत आणि दुरुस्ती अर्धवट राहते. जुन्या मजकुरात अशा १७ जागा निघाल्या, सगळ्या बदलल्या.

५ जून

जन्मतारीख. बऱ्याच ठिकाणी १६ सप्टेंबर १०९८ असं छापलेलं आढळतं. ही तारीख घ्यायची नाही, तिला बाराव्या शतकातला आधार नाही. जे आहे ते असं: ‘स्किव्हियास’ या पहिल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ती स्वतः लिहिते की ११४१ साली, ४२ वर्षं ७ महिन्यांची असताना, जे दिसतं ते लिहून काढण्याची आज्ञा तिला झाली. ११४१चा कुठलाही दिवस धरून तेवढं मागे गेलं की जन्म जून १०९८ ते मे १०९९ यांच्यामध्ये कुठेतरी पडतो. तिच्या चरित्रात मृत्यू (१७ सप्टेंबर ११७९) वयाच्या ८२व्या वर्षी, म्हणजे ८१ पूर्ण झाल्यावर. त्या हिशेबाने जन्म १७ सप्टेंबर १०९८च्या आधीचा. दोन्ही जुळवले तर १०९८चा उन्हाळा उरतो. फलकावर फक्त ‘१०९८’.

‘८२व्या वर्षी’ आणि ‘८२ वर्षांची असताना’ यांत मराठीत एका वर्षाचा फरक पडतो. पहिल्या मसुद्यात दुसरं रूप आलं होतं, काढलं.

मृत्यूची तारीख लॅटिनमध्ये ‘ऑक्टोबरच्या कालेंडीपूर्वीचा पंधरावा दिवस’ अशी येते. कालेंडी म्हणजे महिन्याची पहिली तारीख. रोमन मोजणीत दोन्ही टोकं धरतात: १ ऑक्टोबर हा पहिला, ३० सप्टेंबर दुसरा, असं मागे येत १७ सप्टेंबर पंधरावा. आपल्या सवयीने १ ऑक्टोबर सोडून मोजलं की १६ येतो. भाषांतर तपासणाऱ्याने इथे बोटांवर मोजून पाहावं.

११ जून

नकाशा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘हिल्डेगार्डचा मठ’ म्हणून चार वेगवेगळ्या जागांचे फोटो फिरतात.

डिसिबोडेनबेर्ग: नाहे आणि ग्लान नद्यांच्या संगमावरची टेकडी. इथे पुरुषांचा बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणारा) मठ होता आणि त्याला लागून हिल्डेगार्डची शिक्षिका युटा फॉन श्पोनहाइम हिची बंदिस्त कोठी. १ नोव्हेंबर १११२ रोजी युटा, हिल्डेगार्ड आणि आणखी एक मुलगी तिथे विधिपूर्वक कोंडून घेऊन राहू लागल्या. चरित्र म्हणतं की हिल्डेगार्डला आठव्या वर्षी देवाला वाहिलं, इथे हिशेबाने ती १४ वर्षांची येते. अभ्यासक हे असं जुळवतात: आठव्या वर्षी युटाच्या हाती सोपवलं, चौदाव्या वर्षी कोठीत प्रवेश. फलकावर दोन्ही वयं द्यायची. एकच दिलं तर कुणीतरी दुसरं घेऊन येणारच. आज तिथे भग्नावशेष आहेत.

रुपेर्ट्सबेर्ग: नाहे जिथे ऱ्हाइनला मिळते तिथे, बिंगेनसमोर. ११५०च्या सुमारास सुमारे वीस भगिनींना घेऊन तिने स्वतः उभारलेला मठ. १६३२मध्ये तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने जाळला. उरलेले अवशेष १८५७मध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावून उडवले. म्हणजे ज्या मठात ती जवळपास तीस वर्षं राहिली आणि जिथे तिने देह ठेवला, तो आज उभा नाही. फोटो वापरायचा नाही, फक्त नकाशावर ठिपका.

आयबिंगेन, जुना मठ: ऱ्हाइनच्या उजव्या काठावर, रुडेसहाइमच्या वर. ११६५मध्ये तिने ही इमारत घेतली. हिल्डेगार्ड आठवड्यातून दोनदा होडीने नदी ओलांडून तिथे जात असे. १८०३च्या सुमारास हा मठ बरखास्त झाला, चर्च पुढे गावाचं झालं.

आयबिंगेन, नवा मठ: द्राक्षमळ्यांच्या वर, दोन मनोऱ्यांचा. बांधकाम १९०० ते १९०४. पोस्टकार्डावर दिसतो तो हा. हिल्डेगार्डने तो कधी पाहिलेला नाही.

नकाशा करताना चूक झाली ती नद्यांच्या दिशेची. नाहे ऱ्हाइनला मिळते, म्हणून डिसिबोडेनबेर्ग प्रवाहाच्या वरच्या अंगाला, रुपेर्ट्सबेर्ग मुखाशी. पहिल्या रेखाटनात बाण उलटे होते आणि त्यामुळे ११५०चं स्थलांतर प्रवाहाविरुद्ध गेल्यासारखं दिसत होतं.

१८ जून

पद. शीर्षकात ‘मठाध्यक्षा’ ठेवायचं, पण फलक ३वर खुलासा हवा. २२ डिसेंबर ११३६ला युटा वारली आणि भगिनींनी हिल्डेगार्डला प्रमुख निवडलं. तेव्हाचा लॅटिन शब्द ‘मागिस्त्रा’, म्हणजे शिकवणारी, वडीलधारी. डिसिबोडेनबेर्गच्या पुरुष मठाधिपतीच्या हाताखालचं ते पद होतं. स्वतंत्र मठ काढायला निघाली तेव्हा त्याच मठाधिपतीने, कुनोने, अडवलं. कारण साधं होतं: भगिनींसोबत येणाऱ्या जमिनी आणि तिच्या नावाने येणारे लोक दोन्ही हातचे जाणार होते. जमिनींची वाटणी लेखी व्हायला ११५८ उजाडलं, माइन्ट्सच्या आर्चबिशपांच्या सनदेने. सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाच्या ११६३च्या संरक्षणपत्रात तिचा उल्लेख मठाध्यक्षा असा येतो.

‘मागिस्त्रा’ला ‘गुरुमाता’ म्हणावं अशी सूचना आली. गोड आहे, पण मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाबरोबर दीक्षा, गादी, परंपरा असं बरंच काही येतं. ‘प्रमुख भगिनी’ ठेवलं.

२७ जून

शब्दांची यादी पक्की केली. तीन जागा अवघड होत्या.

‘व्हिजन’साठी ‘दृष्टांत’ घेतला तर दोन्ही बाजूंनी फसगत. एक तर देव स्वप्नात येऊन दृष्टांत देतो हा रूढ अर्थ, आणि हिल्डेगार्ड बजावून सांगते की हे झोपेत नाही, भ्रमात नाही, पूर्ण जागेपणी दिसलं. दुसरं म्हणजे हिंदी बायबलच्या वाचकाला दृष्टांत म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा. ‘दर्शन’ घेतलं. ‘दर्शनाला गेलो’ची छटा राहतेच, म्हणून पहिल्या वापरात ‘जागेपणी झालेलं दर्शन’.

‘डॉक्टर ऑफ द चर्च’ ही शिकवणुकीसाठी संताला चर्च देतं ती पदवी, तिला ‘डॉक्टर’ अजिबात लिहायचं नाही. औषधी वनस्पतींवर लिहिणारी बाई आणि वर ‘डॉक्टर’ ही पदवी, वाचक सरळ वैद्यकीच समजणार. ‘ख्रिस्तसभेची धर्मपंडिता’.

‘विरिडितास’ हा तिचा सगळ्यात लाडका शब्द. शब्दशः हिरवेपणा, पण तिच्या लिखाणात तो झाडात वर चढणारा रसही आहे, आत्म्यातला ओलावाही, आणि मरियेला ती ‘अतिशय हिरवी डहाळी’ म्हणते तेव्हा तिथेही तोच. ‘हरितऊर्जा’ वाचून सौर पंप डोळ्यांसमोर येतात. ‘हिरवाई’. पावसाच्या पहिल्या आठवड्यात उघड्या कातळावर जे उगवतं ते ज्याने पाहिलंय त्याला या शब्दाची टीप लागणार नाही.

८ जुलै

चित्रं. ‘स्किव्हियास’मध्ये २६ दर्शनं आहेत, तीन भागांत ६, ७ आणि १३. रुपेर्ट्सबेर्गच्या सचित्र प्रतीत ३५ चित्रं होती. ती प्रत युद्धात सुरक्षित राहावी म्हणून वीसबाडेनहून ड्रेस्डेनला बँकेच्या तिजोरीत पाठवली आणि १९४५मध्ये तिथून नाहीशी झाली. आज रंगीत दिसतात ती चित्रं आयबिंगेनच्या भगिनींनी १९२७ ते १९३३मध्ये चर्मपत्रावर हाताने केलेल्या नकलेतली आहेत. मूळ प्रतीचे फोटो आहेत, पण कृष्णधवल. म्हणून प्रत्येक चित्राखाली ‘बारावं शतक’ एवढंच छापणं चूक. ओळ अशी: ‘बाराव्या शतकातल्या, आता हरवलेल्या चित्राची हस्तनक्कल, १९२७–३३’. आठ वर्षं उशिरा ही नक्कल सुरू झाली असती, तर युद्धाआधी ती पुरी होण्याची शक्यताच नव्हती आणि हे रंग आपल्याला कळले नसते.

फलक ४साठी सुरुवातीचं चित्र घेतलं: हिल्डेगार्ड बसलेली, वरून ज्वाळा डोक्यावर उतरतात, हातात मेणाची पाटी आणि टोचणी, आणि शेजारच्या खोलीतून डोकं आत घालून बघणारा फोल्मार. हा भिक्षू ११७३मध्ये मरेपर्यंत तिचा लेखनिक होता. काम कसं चालायचं ते याच चित्रात आहे: ती मेणावर लिहायची, तो लॅटिन व्याकरण नीट करून चर्मपत्रासाठी पक्की प्रत करायचा. मेणाची पाटी ठळक दिसेल असं चित्र कापायचं. पहिल्या मांडणीत तीच कापली गेली होती आणि ज्वाळा तेवढ्या राहिल्या.

विश्वाचं चक्र आणि मध्ये हात पसरलेला माणूस, हे चित्र तिच्या वेगळ्या ग्रंथातलं, ‘दैवी कार्यांचं पुस्तक’ यातलं. त्याची प्रत इटलीत लुक्का इथे आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे तिच्या मृत्यूनंतरची. ते ‘स्किव्हियास’च्या फलकावरून हलवलं.

१९ जुलै

फलक ७: उपासनाबंदी. या फलकाला २६० शब्द द्यायचे ठरलं, मर्यादा मोडून. तिचं गाणं, तिचा अधिकार आणि तिचा हट्ट एका जागी दिसतात ते इथेच.

११७८मध्ये रुपेर्ट्सबेर्गच्या दफनभूमीत एका सरदाराला पुरलं. तो कधीकाळी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होता. माइन्ट्सच्या धर्माधिकाऱ्यांनी हुकूम काढला: प्रेत उकरून बाहेर काढा. हिल्डेगार्डचं म्हणणं असं की मरण्यापूर्वी त्याचा समेट झाला होता, त्याला शेवटचे संस्कार मिळाले होते, धर्मगुरूंच्या उपस्थितीत दफन झालं. तिने नकार दिला. मग मठावर बंदी आली: मिस्सा (मुख्य उपासना) नाही, कम्युनियन (तिच्यातला भाकरीचा प्रसाद) नाही, घंटा नाही, आणि रोजच्या प्रार्थना गायच्या नाहीत, दारं लावून हळू आवाजात फक्त वाचायच्या.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायचे. ‘बहिष्कार’ माणसावर, ‘उपासनाबंदी’ जागेवर. मसुद्यात ‘हिल्डेगार्डला बहिष्कृत केलं’ असं आलं होतं, ते खोटं आहे. ती कधीच बहिष्कृत नव्हती. मठाने बंदी पाळलीसुद्धा, प्रेत मात्र दिलं नाही.

बेनेडिक्टच्या नियमाने चालणाऱ्या मठात दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशा आठ प्रार्थना. गाणं थांबलं म्हणजे दिवसाचं हाडच काढून घेतलं. ऐंशी वर्षांच्या या बाईने माइन्ट्सच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. आशय असा: पतनापूर्वी आदामाचा आवाज देवदूतांच्या स्तुतीत मिसळलेला होता. माणसाने वाद्यं आणि गाणी रचली ती तो हरवलेला सूर आठवावा म्हणून. सैतानाला हे सोसत नाही, म्हणून तो स्तुती बंद पाडू पाहतो. तेव्हा पुरेशा कारणाशिवाय देवाचं गाणं बंद करणाऱ्यांनी सांभाळावं, स्वर्गात देवदूतांच्या गाण्यात त्यांना जागा नसेल. मार्च ११७९मध्ये आर्चबिशप क्रिस्टियान यांनी बंदी उठवली. सहा महिन्यांनी ती गेली.

तिने स्वतः काठीने त्या सरदाराच्या थडग्याच्या खुणा पुसल्या, ही गोष्ट ‘असं सांगतात’ म्हणूनच द्यायची.

२ ऑगस्ट

औषधांचा फलक. इथे सर्वांत जास्त काटछाट केली. ‘फिसिका’चे नऊ भाग आहेत: वनस्पती, मूलतत्त्वं, झाडं, रत्नं, मासे, पक्षी, प्राणी, सरपटणारे जीव, धातू. हा ग्रंथ आणि ‘कारणं आणि उपचार’ हा दुसरा, हे दोन्ही तिच्या मठात तयार झालेल्या मोठ्या संग्रहग्रंथात नाहीत. हस्तलिखितं मागाहूनची आहेत, त्यामुळे कोणती ओळ तिची आणि कोणती नंतरची हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. ‘हिल्डेगार्ड औषधोपचार’ या नावाचा व्यवसाय विसाव्या शतकातला. फलकावर एकही कृती, एकही मात्रा छापायची नाही.

एक चूक आपल्याकडेच होते म्हणून ठळक नोंद. ती ज्या धान्याची सगळ्यात जास्त स्तुती करते ते स्पेल्ट, जर्मनमध्ये डिंकेल. मराठीत त्याला सर्रास ‘खपली गहू’ म्हटलं जातं. खपली म्हणजे एमर. दोन्हींचं टरफल घट्ट, दोन्ही कांडून काढावे लागतात, म्हणून गोंधळ होतो. पण खपलीत गुणसूत्रांचे चार संच, स्पेल्टमध्ये आपल्या नेहमीच्या गव्हासारखे सहा. आपल्या बाजारातला खपली घेऊन ‘संत हिल्डेगार्डचा गहू’ अशी पाटी लावायची नाही. स्टॉलवाल्यांना कळवलं. दोन्हींत ग्लूटेन असतं, हेही.

ओळख पटणाऱ्या वस्तू म्हणून बडीशेप, कुलिंजन आणि अक्कलकारा ही नावं ठेवली. तिघांचाही तिच्या लिखाणात उल्लेख आहे आणि आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातही ती मिळतात.

तळाशी एक ओळ: ‘हिल्डेगार्डिया’ ही वृक्षांची प्रजात तिच्या नावाची, आणि तिच्यातली एक जात, हिल्डेगार्डिया पॉप्युलिफोलिया, दक्षिण भारतात पूर्व घाटात वाढते. फार थोडी झाडं उरली आहेत.

१४ ऑगस्ट

गाणं. तिच्या नावावर ७७च्या आसपास गीतं आणि ‘सद्गुणांचं नाट्य’ हे एक गायलं जाणारं नाटक. त्यात सगळी पात्रं गातात, सैतान फक्त ओरडतो, त्याला सूर दिलेलाच नाही. हे वाक्य फलकावर मोठ्या अक्षरात. उपासनाबंदीचं पत्र शेजारच्याच फलकावर आहे.

गायकवृंदासाठी छोटं गीत निवडलं: ‘कारितास आबुंदात इन ओम्निया’. अर्थ: प्रेम सगळ्यात भरून वाहतं, खोलातल्या खोलापासून ताऱ्यांच्या वरपर्यंत. तालमीसाठी सूचना:

गाणं एकसुरी आहे, सगळ्यांनी एकच चाल. पेटीवर फक्त षड्ज-पंचम धरायचे, कॉर्ड नाहीत. तबला, ढोलकी, टाळ काही नाही. मूळ लिपीत सुरांची चढउतार आहे, ताल नाही. मात्रा मोजायला लागलं की शब्द तुटतात. श्वास वाक्यांशाच्या शेवटी, अक्षराच्या मध्ये नाही. एका अक्षरावर लांब आलाप येतात तिथे आपले गायक नकळत मींड आणि मुरकी घालतात. ती टाळायची, सूर सरळ लागले पाहिजेत. तिच्या चालींत षड्जावरून एकदम पंचमावर आणि तिथून तार षड्जाकडे झेप वारंवार येते. पहिल्या दोन तालमींत फक्त ही झेपच घोटली, तेव्हा पुढचं बसलं. पट्टी ठरवताना सगळ्यात वरचा सूर आधी तपासायचा, खालचा नंतर. काही गीतांचा पल्ला दोन सप्तकांहून मोठा आहे, ती हौशी वृंदाने घेऊ नयेत.

२३ ऑगस्ट

फलक १०: संतपद. कालरेषा अशी.

११७९ मृत्यू, लगेच थडग्याला गर्दी. १२२८ पोप नववे ग्रेगरी यांनी चौकशी सुरू केली. १२३३ माइन्ट्सच्या तीन धर्माधिकाऱ्यांनी साक्षी नोंदवून अहवाल पाठवला. रोमने तो परत केला: चमत्कार घडला कोणाच्या बाबतीत, कुठे, कधी, कोणी पाहिला हे तपशील अपुरे. १२४३ पोप चौथे इनोसंट यांनी पुन्हा विचारणा केली. काम पुरं झालं नाही. सोळाव्या शतकात तिचं नाव रोमन हुतात्मा-संतमालिकेत आलं. १० मे २०१२ पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी समकक्ष संतघोषणा केली. ७ ऑक्टोबर २०१२ धर्मपंडिता, आव्हिलाच्या संत योहानाबरोबर. स्त्रियांमध्ये ती चौथी. २०२१ पोप फ्रान्सिस यांनी १७ सप्टेंबर हा दिवस जगभरच्या दिनदर्शिकेत ऐच्छिक स्मरणदिन म्हणून घातला.

७ ऑक्टोबर २०१२ला ‘संत झाली’ असं लिहिणं ही नेहमीची चूक. समकक्ष घोषणेत नवा चमत्कार तपासत नाहीत. भक्ती पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत आली आहे हे पोप मान्य करतात आणि ती सर्व ख्रिस्तसभेसाठी खुली करतात. म्हणजे आयबिंगेनच्या लोकांनी ८३३ वर्षं जे केलं, त्याच्यावर सही झाली. कालरेषेत घटनांचे ठिपके न घालता ११७९पासून २०१२पर्यंत सलग जाड पट्टी काढली, कागदपत्रांचे ठिपके तिच्या वर. आधीच्या मांडणीत १२४३ ते २०१२ मोकळी जागा होती, जणू मधल्या काळात कुणी तिच्याकडे प्रार्थनाच केली नाही.

३० ऑगस्ट

पवित्र अवशेष, म्हणजे तिच्या देहाचे जपलेले भाग. रुपेर्ट्सबेर्ग जळाल्यावर भगिनींनी ते सोबत नेले, पुढे आयबिंगेनला आणले. १९२९च्या सोनेरी पेटीत ते आज गावातल्या चर्चमध्ये आहेत. वरच्या मोठ्या मठात नाहीत, यात्रेकरू इथेच चुकतात. १९३२मध्ये ते चर्च जळालं, पेटी वाचली. दर १७ सप्टेंबरला पेटीची मिरवणूक निघते.

५ सप्टेंबर

छपाई. पहिल्या प्रुफात रफार आणि वेलांट्या सरकल्या: छपाईकडे युनिकोड मजकूर उचलून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये चिकटवला होता. उपाय: अक्षरांचे वक्र करूनच पीडीएफ द्यायची, मजकूर म्हणून नाही. ‘ऱ्हाइन’मधला अर्धा र तीन ठिकाणी ‘र्‍’ असा सुटा आला होता, तो वेगळा तपासला. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट. त्याहून कमी केल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना टेकतात.

१२ सप्टेंबर

टांगणी. दुहेरी चिकटपट्टी भाद्रपदातल्या दमट भिंतीवर रात्रीतून सुटते. प्रत्येक फलकाला वर दोन आयलेट आणि नायलॉन दोरी. फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमी.

यंदा १७ सप्टेंबर बुधवारी आहे, त्यामुळे स्मरणदिनाची मिस्सा घेता येते. २०२३सारखा रविवारी आला की रविवारची उपासना पुढे आणि स्मरणदिन मागे. त्याच दिवशी संत रॉबर्ट बेलार्मिन यांचाही ऐच्छिक स्मरणदिन असतो, तेव्हा कोणाची प्रार्थना घ्यायची ते धर्मगुरूंना आधी विचारून ठेवलं.

दाराजवळच्या टेबलावर पुठ्ठ्याचा चौकोन ठेवायचा, ४६ × ३० सेंमी. वीसबाडेनमधल्या तिच्या संग्रहग्रंथाचं हे पान, खऱ्या मापात. शेजारी १५ किलोची तांदळाची गोणी, कारण ग्रंथाचं वजन तेवढं आहे. गोणीवर चिठ्ठी: ‘उचलून पाहा’.